उरलेल्या फायलींची वही

नाना: आधी बस. पाणी घे. मग सांगतो.

सून: पाणी राहू दे. फोनवर म्हणालात, मोठी चूक झालीय, असशील तशी ये. गणवेशाची बाही टेबलावर तशीच टाकून धावत आलेय मी. पडलात का कुठे? डोळ्याला लागलं का काही?

नाना: मला काय धाड भरलीय! कॉम्प्युटरला झालंय. तुझा तो कपडे बेतायचा प्रोग्राम उघडत नाही. सकाळपासून शंभरदा क्लिक केलं. नुसता एक चौकोन येतो आणि म्हणतो, परवाना सापडत नाही.

सून: एवढंच? अहो नाना, जीव अर्धा झाला माझा रस्त्यात. काय केलंत तुम्ही त्याला?

नाना: सफाई.

सून: फडक्याने?

नाना: आतून. तूच नाही का म्हणायचीस, हे यंत्र चालू व्हायला लागलं की माझा चहा पिऊन होतो म्हणून? त्यात एक सफाईचा प्रोग्राम आहे. तुझ्या नवऱ्यानेच टाकून ठेवलेला. तो शोधून देतो, आत काय काय अवैध झालंय. काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या नोंदी, त्यांच्या मागे राहिलेल्या फायली. आपण तो प्रिंटर भंगारात दिला ना, तीन वर्षांपूर्वी? त्याचं नाव अजून होतं आत. मेलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत असतं, तसं.

सून: आणि तुम्ही ते कापलंत.

नाना: रीतसर. रोज तू कामावर गेलीस की दोन तास. आज एकोणिसावा दिवस. नुसत्या बुद्धिबळाच्या खेळाचे सत्तेचाळीस तुकडे निघाले. आणि काल दुपारी तुझ्या प्रोग्रामची एक नोंद निघाली. समोर लिहिलेलं, अवैध, पत्ता सापडत नाही. मी म्हटलं, पत्ताच नाही तर नोंद कशाला ठेवायची? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली बघ मी.

सून: बरं, झालं ते झालं. कामाचं सगळं वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर आहे माझं. रविवारी दुरुस्तीवाल्याला बोलावू. जेवलात का? मी निघते परत, गणवेशांचा ढीग पडलाय.

नाना: रविवार चालणार नाही.

सून: का?

नाना: आज पाचपर्यंतच मुदत आहे.

सून: कसली मुदत?

नाना: तुला माहितीय.

सून: नाना, कसली मुदत?

नाना: नाटकाच्या कपड्यांची ती मोठी कार्यशाळा. मुख्य पॅटर्न मास्टर, म्हणजे बेतणीचा प्रमुख, जागा एक. अर्जासोबत स्वतः बेतलेल्या कोटाचा नमुना जोडणे. तो नमुना त्या प्रोग्रामच्या पोटात, आणि प्रोग्राम मी मारून ठेवलाय. सव्वातीन वाजलेत आता.

सून: तो अर्ज मी पुसून टाकला होता.

नाना: तू पुसलास गं. पण मध्येच वीज गेली तर असावी म्हणून यंत्र आपणहून एक कच्ची प्रत ठेवतं म्हणे. ती उरलेल्या फायलींत निघाली, खाली चिकटवलेल्या जाहिरातीसकट. अनुक्रमांक एकशे बासष्ट.

सून: आणि तुम्ही ती वाचलीत.

नाना: न वाचता फाईल नष्ट करायची नाही. चौतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली मी, एक कागद...

सून: ही तुमची रेकॉर्ड रूम नाही, नाना! माझा अर्ज होता तो. माझा. कोणाला दाखवायचा असता तर मी पुसला असता का?

नाना: चुकलं माझं. पहिल्या ओळीलाच थांबायला हवं होतं. नाही थांबलो. तू रागाव. पण रागावता रागावता दुरुस्तीवाल्याला फोन लाव.

सून: मला नाही जायचं तिकडे. म्हणून पुसला. संपलं.

नाना: तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस, 'गेली अकरा वर्षे मी शाळेचे गणवेश कापते आणि रोज घरी येऊन कोट बेतते.' जायचं नाही ती बाई असं लिहील होय?

सून: तिकडे म्हणजे नऊ तासांचा प्रवास आहे. रोज येऊन-जाऊन करायची गोष्ट नाही. तुमचा मुलगा महिन्यातले पंधरा दिवस ट्रकवर. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नाही, दिवसातून चारदा थेंब. कोण घालणार?

नाना: मी घालीन.

सून: परवा गालावर घातलेत.

नाना: दोन गालावर गेले. तिसरा गेला की डोळ्यात!

सून: हसवू नका मला. फोन लावते. पण यंत्र चालू व्हावं म्हणून लावतेय, अर्जासाठी नाही. आधीच सांगून ठेवते.

(सून फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

दुरुस्तीवाला: बोला मॅडम, पटकन बोला. दुकानात गर्दी आहे.

सून: माझा बेतणीचा प्रोग्राम उघडत नाहीये. सासऱ्यांनी सफाईवालं काहीतरी चालवलं, त्यात त्याची नोंद उडाली.

दुरुस्तीवाला: रेजिस्ट्री, म्हणजे प्रोग्रामची नोंदवहीच साफ केली काकांनी? वा! सगळे हेच करतात. यूट्यूबवर बघायचं आणि हातोडा घ्यायचा. टेन्शन नको. सफाईच्या आधी तो प्रोग्राम बॅकअप ठेवतो. त्यातून परत आणा.

नाना: होता बॅकअप.

दुरुस्तीवाला: होता म्हणजे?

नाना: तोही उरलेल्या फायलींच्या यादीत आला. अनुक्रमांक दोनशे बारा. मी म्हटलं, कचरा काढायचा आणि त्याची नक्कल जपायची, ही कसली सफाई?

दुरुस्तीवाला: काका, धन्य आहात. मग प्रोग्राम नव्याने टाका. कंपनीला फोन करा, नवीन परवाना देतील.

सून: कंपनी बंद पडून चार वर्षं झाली.

दुरुस्तीवाला: मग अवघड आहे. परवा मशीन घेऊन या, बघतो. गॅरंटी देत नाही. एक विचारू? त्या प्रोग्रामला चावी असते ना, यूएसबीला लावायची? छोटीशी?

सून: आहे. माझ्या पर्समध्ये असते. वर्कशॉपलाही तीच लागते, म्हणून रोज नेते.

दुरुस्तीवाला: तिथेच घोळ झालाय. ती नोंद त्या चावीकडे बोट दाखवते. चावी तुमच्या पर्समध्ये, मशीन घरी. काकांनी शोध घेतला, चावी दिसली नाही, नोंद अवैध ठरली. माणूस कामावर गेला म्हणून घर बेवारस म्हणायचं, तसलं झालं. प्रोग्राम तसाच्या तसा आहे हो आत, फक्त ती एक ओळ गेलीय. ती ओळ काय होती हे माहीत असतं तर पाच मिनिटांत हाताने टाकली असती. पण ते कोण लिहून ठेवतं?

नाना: मी.

दुरुस्तीवाला: काय मी?

नाना: मी लिहून ठेवतो. दोनशे चौदा नोंदी आहेत. अनुक्रमांक, ठिकाण, नाव, मजकूर, नष्ट करण्याचं कारण आणि सही.

दुरुस्तीवाला: हाताने?

नाना: मग काय पायाने? वही आहे माझ्यापुढे. ती नोंद दोनशे अकरावी.

दुरुस्तीवाला: काका, मजकूर म्हणजे सगळा? ती आकडे-अक्षरांची माळ असते हो, एवढी लांब.

नाना: बहात्तर अक्षरं. दोनदा ताडून पाहिलीत.

सून: नाना! एकोणीस दिवस तुम्ही हे वहीत उतरवत बसला होतात?

नाना: नोंद न ठेवता नष्ट केली तर ती सफाई नव्हे, चोरी झाली.

दुरुस्तीवाला: मॅडम, तुमचे सासरे मला द्या. बरं, ऐका. चावी लावा मशीनला. रेजिस्ट्री उघडा, काकांना माहीत असणार कुठून. वहीत ठिकाण लिहिलंय तिथपर्यंत एकेक फोल्डर उघडत जा, तिथे नवीन नोंद करा, नाव टाका, मजकूर टाका. मोठी अक्षरं मोठी, छोटी छोटी. एक अक्षर चुकलं तर उघडणार नाही. ठेवतो मी.

नाना: ऐकलंस? बस खुर्चीवर. मी सांगतो, तू टाईप कर. माझ्या बोटांना वेळ लागतो.

सून: करते. पण नाना, तुम्ही मनात काही बांधून ठेवू नका. अर्ज मी पाठवत नाहीये.

नाना: आधी ठिकाण घे. हे पहिलं फोल्डर... आता त्याच्या पोटातलं हे... खाली ये अजून... बास. इथे कर नवी नोंद. नाव लिही. हं. आता मजकूर. चार-चार अक्षरं सांगतो. सात, मोठा ए, मोठा सी, तीन.

सून: तीन. पुढे.

नाना: शून्य, छोटा एफ, नऊ, नऊ.

सून: शून्य की ओ? नीट बघा.

नाना: शून्याच्या पोटात मी रेघ मारतो. शून्यच आहे. तुझ्या नवऱ्याला माहितीय का हे अर्जाचं?

सून: सांगितलं होतं. पुढची चार.

नाना: मोठा डी, एक, छोटा के, पाच. काय म्हणाला?

सून: म्हणाला, जा. तिथे खोली बघू, मी गाडीच्या फेऱ्या त्या बाजूच्या मागून घेतो. फक्त नानांना एकदा विचार म्हणाला.

नाना: आणि तू मला विचारलंच नाहीस.

सून: पुढची चार, नाना.

नाना: दोन, दोन, मोठा एम, आठ. का नाही विचारलंस?

सून: विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात.

नाना: मग? बरंच झालं असतं की.

सून: मग मला जावं लागलं असतं.

नाना: मला नाही कळलं.

सून: कळेल कसं? कोणाला सांगितलंच नाही मी कधी. लग्नाच्या आधी एकदा गेले होते अशाच एका ठिकाणी. स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला कोट घेऊन. तिथल्या बाईंनी तो उलटा केला, अस्तर बघितलं, मुंढ्यात बोट घालून शिवण बघितली. सगळ्यांसमोर म्हणाल्या, गणवेश बरे शिवशील तू. आणि दहा-बारा जणी हसल्या. कोट पिशवीत घालून घरी आले. अकरा वर्षं गणवेश शिवतेय. परत कोण जाणार हो, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला?

नाना: म्हणजे माझे थेंब...

सून: तुमचे थेंब मला बरे सापडले. ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हे ऐकायचं होतं ना तुम्हाला? घ्या. सासऱ्यांसाठी थांबले म्हटलं की चार लोक चांगलंच म्हणतात. घाबरून थांबले म्हटलं की कोण चांगलं म्हणणार?

नाना: मी नुसता निमित्ताला होतो तर.

सून: रागावलात?

नाना: बरं वाटून घेऊ की वाईट, ते ठरत नाहीये. पाच-सहा दिवस मी स्वतःला शिव्या घालतोय, की या पोरीच्या पायातला दगड मी. आणि दगड निघाला भलताच.

सून: दगड नका म्हणू स्वतःला.

नाना: थांब, मलाही बोलू दे, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. तू खरं बोललीस, मीही बोलतो. मला भीती वाटते. तुझी सासू गेल्यापासून दुपारी हे घर खायला उठतं मला. म्हणून तर ही सफाई काढली. कॉम्प्युटर हळू चालतो की जोरात, मला काय करायचंय त्याच्याशी? दोन तास जातात, बास. आणि एकशे बासष्ट नंबरला तुझा अर्ज निघाला. वाचला. वाटलं, ही निघाली. मग वाटलं, हिने स्वतःच पुसलाय की. उरलेला तुकडा आपण पुसला तर कुणाला कळणार? बोट बटणावर होतं माझं.

सून: मग?

नाना: आमची पद्धत अशी, की आधी वहीत लिहायचं आणि मग नष्ट करायचं. अनुक्रमांक लिहिला. नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. काय लिहू? अवैध? ते तर अवैध नव्हतं. निरुपयोगी? तिसरा परिच्छेद वाचून निरुपयोगी कसं लिहू? खरं कारण होतं 'माझी सोय'. अर्धा तास पेन धरून बसलो. तसं लिहून त्याखाली सही करवेना मला.

सून: मग काय लिहिलंत?

नाना: बघ ना, पान उलट. कारणाच्या रकान्यात फुली मारलीय, आणि शेऱ्यात लिहिलंय, 'अ वर्ग. कायम जतन करणे.' अ वर्ग म्हणजे इमारतीला आग लागली तर आधी तो बाहेर काढायचा.

सून: नाना...

नाना: रडू नको, बाई. डोळ्यांचा पेशंट या घरात एकच पुरे. सोळा अक्षरं झालीत, छप्पन्न राहिलीत आणि चारला दहा कमी आहेत. घे, छोटा जी, सहा, छोटा जे, शून्य.

सून: शून्य. पुढे.

नाना: मोठा बी, तीन, मोठा टी, सात.

सून: थांबा, बघू वही. इथे खाडाखोड आहे. हा बी आहे की आठ?

नाना: खाडाखोडीच्या शेजारी सही आहे की नाही? मग वरचं अक्षर खरं. आठ लिहून बी केलाय मी. नीट वाचलंय.

सून: पुढची सांगा मग.

नाना: ... आणि शेवटची चार. एक, छोटा एक्स, चार, मोठा एन. संपलं. ताडून बघू. आता तू वाच आणि मी वहीत बोट फिरवतो.

सून: सव्वाचार होतील हो.

नाना: होऊ देत. चुकीच्या नोंदीपेक्षा उशिरा केलेली नोंद बरी. वाच.

सून: ... मोठा एन. सगळी बहात्तर जुळली. आता प्रोग्राम उघडते. बघा हं.

नाना: आला का चौकोन? मला इथून धूसर दिसतंय.

सून: नाही आला. उघडलाय, नाना! सगळं आहे. एकूण एक कोट आहे!

नाना: हुश्श! सकाळपासून जेवलो नाहीये मी. कुठला पाठवणार होतीस?

सून: हा. लांब पाठीचा. याला पाठीला मधली शिवणच नाही, बघा. एकाच तुकड्यात वळवलाय. सात महिने लागले मला हे वळण बसवायला. नट खाली बसला, वाकला, तलवार उपसली, तरी पाठ ओढणार नाही.

नाना: मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण या कोटाबद्दल बोलताना तू पाच मिनिटांत पहिल्यांदा नाक पुसायचं विसरलीस. जोड तो अर्जाला.

सून: नाना, त्यांनी परत तसंच काही म्हटलं तर?

नाना: तर म्हटलं! परत येशील, मी चहा ठेवीन, दोघं मिळून त्या बाईला शिव्या घालू. मला ऑफिसातल्या अशा शिव्या येतात की तुझ्या ट्रकवाल्या नवऱ्यानेही ऐकल्या नसतील. पण या वेळी न जाता हरू नको. अर्ज 'राखून ठेवलेले' या फोल्डरमध्ये आहे. त्यात तो एकटाच आहे.

सून: सापडला. यातला तिसरा परिच्छेद काढू का? रडका वाटतो.

नाना: हात लावशील तर खबरदार.

सून: बरं, बरं. जोडला अर्ज. कोटही जोडतेय. चढतोय... चढला. आता त्यांचा फॉर्म. नाव, वय, अनुभव. हे भरलं. आता हा एक प्रश्न राहिला.

नाना: काय विचारतायत?

सून: निवड झाल्यास कधी रुजू होऊ शकाल. तीन गोल दिलेत. लगेच, एक महिन्यानंतर, तीन महिन्यांनंतर. तीन महिनेच करते. तोवर तुमचा डोळा बरा होईल, तुम्हाला कपड्यांचं मशीन शिकवून होईल, शेजारच्या काकूंशी बोलून ठेवता येईल...

नाना: तीन महिने थांबणारीला कोण घेतं? लगेच कर.

सून: नाना, हे नुसतं लिहायचं नाहीये. हो म्हणाले तर पंधरा दिवसांत मी इथे नसेन.

नाना: कळतंय मला. लगेचवर टिचकी मार.

सून: अहो, पण तुम्ही वही उलटी धरलीय.

नाना: असू दे. टिचकी तुला मारायचीय.